रेंगी नको म्हणू

डावा गुडघा मोडला तेव्हा संघपालला एक गोष्ट कळली. नाटकातला हिरो तोंडावर चालत नाही, गुडघ्यावर चालतो. पोरीला मागणी घालायची तर गुडघा टेकायचा. खलनायकाच्या पोटात हाणायचा तोही गुडघाच. स्टेजवर बाप मेला की धाडकन खाली बसायचं, ते दोन्ही गुडघ्यांवर. सोळा वर्षं तो वडशाच्या कंपनीत हेच करत आला होता आणि सोळा वर्षांत त्याने गुडघ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता दिवसभर तेच पाहायचं काम उरलं होतं.

वडसा म्हणजे धानाच्या गिरण्या, रेल्वेचं फाटक आणि नाटकं. दिवाळी सरली की कंपन्यांचे टेंपो पडदे, पेट्या आणि माणसं भरून गावोगाव निघतात ते होळीच्या आसपास परततात. सावलीपासून कुरखेड्यापर्यंत झाडीपट्टीतली चाळीस-पन्नास गावं संघपालला तोंडावरून ओळखत. हमालाचं पोर, बुद्धविहारात भीमजयंतीला पहिला पार्ट केलेलं, ते पुढे असं वाढलं की त्याच्या एन्ट्रीला शिट्टी मारायची म्हणून पोट्टे दोन-दोन घंटे तोंडात पान धरत नसत. त्याची माय बायनाबाई गिरणीत धान पाखडायची. तिला कोणी विचारलं पोरगं काय करते, की ती म्हणायची, "मरते अन् जिता होते. रोज."

दोन वर्षांपूर्वी तो खरोखरच मरता-मरता राहिला. चंद्रपुराहून त्याने एक जुनी स्पोर्टबाईक आणली होती. लाल, दोन सिलिंडरची, पुढे वाकून आणि मागचा भाग वर करून बसायची. आरमोरीकडच्या प्रयोगावरून परत येताना, उजाडायच्या बेताला, सडकेवर रानडुकराचा कळप आडवा आला. पहिलं डुक्कर गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याने त्याला सोबत नेलं. गाडीची चेसी लोखंडी पट्टी वाकवावी तशी वाकली, हँडल कुठल्या कुठे गेलं, आणि संघपालच्या पायात नागपूरच्या डॉक्टरने सळई घातली. इंजिनाला मात्र साधं खरचटलं नाही. घराच्या मागच्या पडवीत ते पोत्याखाली पडून होतं, आणि संघपालला कधी-कधी त्याचाच जास्त राग यायचा.

सावलीकडच्या गावांत तो मेल्याचीच बातमी पसरली. एका गावात तर मंडपात दोन मिनिटं उभं राहून लोकांनी त्याला श्रद्धांजलीही वाहिली. कंपनीचा मालक नानाजी तिथे हजर होता. त्याने काही खुलासा केला नाही. त्या प्रयोगाला गर्दी चांगली झाली होती.

नानाजी वाईट माणूस नव्हता. नाटकं तोच लिहायचा, तोच बसवायचा, पोस्टरचा मजकूरही त्याचाच. त्याने संघपालला टाकलं नाही. पडद्याची दोरी दिली. दोन हंगाम संघपालने विंगेत कुबडी टेकून उभं राहत जंगल वर घेतलं, राजवाडा खाली सोडला, राजवाडा वर घेतला, जंगल खाली सोडलं. आणि त्याच्या जागी आयुष उभा राहिला. बावीस वर्षांचा, संघपालनेच शिकवलेला. पोरगा प्रत्येक एन्ट्रीआधी विंगेत येऊन त्याच्या पाया पडायचा, वाकत नसलेल्या पायालाही हात लावायचा. संघपालला वाटायचं, याने एखाद्या दिवशी शिवी द्यावी. बरं वाटलं असतं.

तिसरा हंगाम तोंडावर आला तसा तो झोपेनासा झाला. नाटकवाल्यांत एक बोललं जातं, की माणूस पहिला हंगाम दिसला नाही तर लोक विचारतात, दुसरा दिसला नाही तर हळहळतात आणि तिसरा दिसला नाही तर विसरतात. संघपालने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नानाजीला गाठलं. तो उंबरठ्यावर बसला, पाय समोर काठीसारखा पसरून, आणि म्हणाला की मला बसून करायचा पार्ट लिहा. नानाजी बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला की बसून करायचा पार्ट म्हाताऱ्याचा असतो, आणि लंगड्याला पोरी शिट्टी मारत नाहीत. तरी शेवटी त्याचं मन द्रवलं. नवीन नाटकात हिरो जेलातून सुटून गाडीवर येतो असा प्रवेश होता. गाडीवरून न उतरता तो सगळा अंक करू शकला, तर जमलं. पण नानाजीने अट घातली.

"चालू गाडीवर येजो. ढकलून आणली गाडी अन् वर तू बसला, असं नाई. पब्लिकले लगेच समजते."

संघपाल हो म्हणून आला आणि घरी येऊन पडवीत बसून राहिला. हो तर म्हटलं, पण बसणार कशावर? स्पोर्टबाईकवर गुडघा मागे दुमडावा लागतो. साध्या मोटारसायकलवरही तो वाकवावाच लागतो. बायकोच्या, रंजीताच्या स्कुटीवर बसला तर पाय बाहेर बल्लीसारखा निघायचा. गल्लीतल्या पोट्ट्यांनी एकदा त्याला रुमाल बांधून दाखवला होता, ट्रकातून सळया नेताना टोकाला बांधतात तसा.

मग मोबाईलवर त्याला तो गोरा दिसला. कुठल्या तरी परदेशी सडकेवर एक दाढीवाला मागे रेलून, हात वर ताणून, दोन्ही पाय पार समोर लांब टाकून चालला होता. पुढचं चाक त्याच्यापासून एवढं दूर की जसं काही ते दुसऱ्याच गाडीचं आहे. संघपालने चाक पाहिलं नाही, दाढी पाहिली नाही. त्याने पाय पाहिला. सरळ, ताठ, गुडघ्यात न वाकलेला पाय. आणि त्या माणसाला कोणी लंगडा म्हणत नव्हतं. उलट लोक वळून-वळून बघत होते. खाली लिहिलं होतं, चॉपर.

त्या दिवशी त्याने दोन वर्षांत पहिल्यांदा रंजीताला भात मागून खाल्ला.

रंजीता आशा वर्कर होती. गरोदर बायांना समजावण्यात तिचा दिवस जाई, त्यामुळे नवऱ्याला समजावायला तिच्याकडे फार शब्द उरत नसत. गाडीचं नाव निघताच तिने ताट आदळलं आणि म्हणाली की एकदा डुकराने सोडलं, आता वाघासाठी गाडी बनवतोस का. पण तो जेवत होता हे तिने पाहिलं, आणि वाढत राहिली.

वडशात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट आणि नाटकाच्या स्टेजचे लोखंडी सांगाडे बनवणारा एकच माणूस होता, मुखरू. साठी उलटलेला, एक डोळा वेल्डिंगच्या ठिणगीने गेलेला. तरुणपणी तो बैलांच्या रेंग्या बनवायचा. रेंगी म्हणजे दोन माणसांपुरती हलकी, धावती बैलगाडी, लग्नाला आणि शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जायची. रेंग्या गेल्या, ट्रॉल्या आल्या, पण मुखरूची कामाची रीत तीच राहिली. टेप तो वापरतच नसे. बांबूची कमची घ्यायची आणि ज्याची वस्तू त्याच्या अंगावर ती धरून तोडायची.

संघपालने त्याला मोबाईल दाखवला. मुखरूने एका डोळ्याने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि फोन परत दिला. मग खाट ओढली आणि त्याला पड म्हणाला. संघपाल उताणा पडला. मुखरूने कमची त्याच्या पाठीला लावली, ढुंगणापासून टाचेपर्यंत लावली, खांद्यापासून मुठीपर्यंत लावली आणि दरवेळी विळ्याने खूण केली. रस्त्याने जाणारा एक जण थांबून पाहू लागला. मुखरू त्याच्याकडे न बघताच बोलला.

"मेला नाई गा. गाडीचं माप घेऊन राह्यलो. गाडी मोजाची नसते, माणूस मोजाचा. मंग गाडी आपोआप मोजल्या जाते."

दोघांनी कामाला हात घातला. रोज सकाळी रंजीता त्याला स्कुटीवर मागे एकीकडे बसवून मुखरूच्या टपरीत सोडायची आणि तिथून आपल्या कामाला जायची.

स्पोर्टबाईकची चेसी फेकून द्यावी लागली. अडचण ही की त्या गाडीत इंजिन चेसीत बसवलेलं नव्हतं, इंजिनच चेसीचा अर्धा भाग होतं. चेसी काढली तर इंजिनाला धरायला काहीच उरलं नाही. मुखरूने मग बोअरच्या पाइपांचा पाळणा केला, दोन पाइप खालून, एक वरून, आणि त्यात इंजिन निजवलं. पुढे पाणी थंड करायची जाळी बसवताना तो थबकला. पाणी पिणारी मोटारसायकल त्याने पाहिली नव्हती. हे म्हशीसारखं आहे का, त्याने विचारलं, आणि रोज सकाळी आधी इंजिनाला पाणी पाजून मग स्वतः चहा घेऊ लागला. गिअरचा पाय पार पुढे न्यायचा होता, तर त्याने सळईला दोन जोड देऊन दांडा लांबवला. संघपालचा गुडघा गेला होता, घोटा शाबूत होता. खाली दाबायला आणि वर उचलायला तेवढं बस होतं.

पुढच्या चाकाचा काटा लांबवून मुखरूने तो सोंडेसारखा पुढे टाकला. पहिल्या दिवशी गाडी चालू करून संघपाल गिरणीच्या पटांगणातून निघाला आणि वळणावर चाक असं लुळं पडलं की तो सरळ कोंड्याच्या ढिगात गेला. दुसऱ्यांदा मानेपाशी वेल्डिंग तडकलं. तिसऱ्यांदा गाडी सरळ चालली, पण सावकाश चालेना. त्या इंजिनाला पळायचीच सवय. सावकाश घेतलं की हिसके देई, बंद पडे, आणि रेस केली की किंचाळे. स्टेजवर वीस फूट यायचं होतं, वीस फुटांत किंचाळून कसं भागणार? मुखरूने मागचं चेनचं चक्र मोठं बसवलं, सायलेन्सर कापून आखूड केला. आता आवाज बदलला. किंचाळणं गेलं आणि एक जाड, फडफडता आवाज आला, टिनाच्या छपरावर कोणीतरी ताडपत्री आपटावी तसा. संघपालला तो आवडला नाही. मुखरू म्हणाला की लेकरू जसं रडते तसं रडू दे.

या सगळ्यात एकाच गोष्टीवरून दोघांचं वाजायचं. मुखरू त्या गाडीला रेंगी म्हणायचा. रेंगीचं चाक, रेंगीची धुरी, आज रेंगीले रंग मारू. संघपालला ते टोचायचं. रेंगी म्हटली की बैल आले, म्हातारे आले, मेलेला जमाना आला. तो या गाडीवर बसून मेलेल्यातून परत येणार होता. तो दर वेळी दुरुस्त करायचा. मुखरू हो म्हणायचा आणि दुसऱ्या वाक्याला पुन्हा रेंगी म्हणायचा.

दिवाळीच्या आठ दिवस आधी नानाजीचा फोन आला. तो गडचिरोलीला पोस्टर छापायला बसला होता. संघपाल गाडीखाली उताणा पडून चेन चढवत होता, दोन्ही हात ग्रीसने काळे. फोन मुखरूने घेतला. नानाजीने विचारलं की गाडीचं काय लिहू. मुखरूने तोंड उघडलं, तेवढ्यात खालून संघपाल ओरडला.

"चॉपर म्हण. रेंगी नको म्हणू."

मुखरूने या खेपेला ऐकलं. त्याने नानाजीला सांगितलं की चॉपर बनून राह्यलं. पलीकडून नानाजीने खरं का म्हणून विचारलं, आणि मुखरूला राग आला. उभ्या आयुष्यात त्याने कामाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. साडेआठ फूट आहे, तो म्हणाला, मधात एक माणूस बसते. नानाजीने विचारलं, वर उचलते का?

"पुढून उचलते जराशी," मुखरू म्हणाला. "इंजिनात दम आहे ना."

नानाजीने फोन ठेवला. त्याचा यात काही दोष नव्हता. गडचिरोलीत ज्याने वीस-पंचवीस वर्षं काढली त्याच्यासाठी चॉपर एकच. जंगलावरून पोलिसांना घेऊन फडफडत जातं, ज्याचा आवाज आला की शाळेतली पोरं फळा सोडून अंगणात धावतात, ते. बातमीत तेच, चहाच्या टपरीवर तेच. परदेशी दाढीवाला नानाजीने पाहिलेला नव्हता.

चार दिवसांनी संघपाल कुबडी टेकत बसस्टँडवर गेला आणि भिंतीवर त्याला पोस्टर दिसलं. निळं आभाळ. आभाळात हिरवं, पंखा फिरणारं हेलिकॉप्टर. खाली लाल अक्षरांत, 'झाडीपट्टीच्या रंगमंचावर पहिल्यांदाच — चालू चॉपर!' आणि हेलिकॉप्टरच्या पोटाखाली त्याचा स्वतःचा फोटो, सहा वर्षांपूर्वीचा, एका गुडघ्यावर बसून हात पसरलेला. शेजारी उभे दोघे जण तावातावाने बोलत होते की एवढं मोठं यंत्र मंडपात येणार कसं. एकाचं म्हणणं होतं की छप्पर काढतील. संघपालने पोस्टर पुन्हा वाचलं. मग कुबडीवर दोन्ही हात ठेवून तिथेच उभा राहिला, सावलीची बस गेली तरी.

नानाजीच्या घरी तो पोचला तेव्हा नानाजीला कळून चुकलं होतं. पोलीस पाटील सकाळीच येऊन विचारून गेला होता की वेल्डिंगच्या दुकानात कोण काय बनवतंय. पण तोवर हेलिकॉप्टर पाहून एकतीस गावांनी प्रयोग घेतले होते. सरपंच फोन करून विचारत होते की उतरायला किती जागा साफ करायची. नानाजीचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने सांगितलं की आता मागे फिरता येत नाही. हेलिकॉप्टर नाही दिसलं तर लोक मंडप पेटवतील. थर्मोकोलचं करायचं, चऱ्हाटावरून वरून खाली आणायचं आणि हिरो त्यातून दोरीने स्टेजवर उतरेल. आयुष कोपऱ्यात उभा होता, मान खाली घालून.

संघपाल म्हणाला की हिरो मी आहे. माझा फोटो आहे पोस्टरवर.

नानाजीने तंबाखूची डबी उघडली, बंद केली. मग विचारलं, "दोरीवरून उतरशीन?"

आयुषने पुढे होऊन संघपालच्या पायाला हात लावला आणि त्याने पहिल्यांदा तो हात झटकला.

संध्याकाळी नानाजी मुखरूच्या टपरीत आला, गाडी बघायला. एवढं केलं तर निदान पाहावं म्हणून आला असेल. संघपाल घरी होता. मुखरूने गाडी चालू करून दाखवली. तो आखूड सायलेन्सर, तो जाड फडफडता आवाज. नानाजीने मुखरूला आणखी रेस द्यायला सांगितली, मग कमी करायला, मग पुन्हा द्यायला. तो डोळे मिटून ऐकत उभा राहिला. रस्त्यावर दोन पोरं थांबली आणि वर पाहू लागली.

त्याच रात्री नानाजीचा निरोप आला. थर्मोकोलचं हेलिकॉप्टर दिसायला बरं, पण मुकं. पडद्यामागे गाडी उभी करायची, संघपालने वर बसायचं, आणि हेलिकॉप्टर उतरेल तेवढा वेळ आवाज करायचा.

संघपाल भिंतीकडे तोंड करून झोपला. रंजीता दारात उभी राहिली. ती त्याची समजूत घालायला आली नव्हती. ती म्हणाली, "दोन साल तू असाच झोपला. मी कोणाले सांगतलं नाई, पण मले वाटे एखाद्या दिवशी आल्यावर तू उठनारच नाई. गाडी बनवताना तू भात मांगून खाल्ला. आवाज तं आवाज. जाय."

दुसऱ्या दिवशी तो तालमीला गेला. दुसरं काय करणार होता?

पहिला प्रयोग सावलीच्या पलीकडे होता. वैनगंगेकाठचं गाव, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप. नाटक रात्रभर चालणारं, आणि हेलिकॉप्टर तिसऱ्या अंकात होतं, म्हणजे तोवर उजाडायला आलेलं. लोक चादरी गुंडाळून, डोळे ताणून बसले होते, फक्त त्याच्यासाठी. पडद्यामागे संघपाल गाडीवर रेलून बसला होता, डावा पाय समोर लांब, उजवा जमिनीवर. समोर हातभर अंतरावर पडद्याची मागची बाजू होती. पुढून त्यावर डोंगर आणि सागाचं रान रंगवलेलं. मागून नुसतं मळकट कापड आणि उलटे दिसणारे डोंगर. मुखरू शेजारी पाण्याची बादली घेऊन उभा होता.

नानाजीने हात केला. संघपालने गाडी चालू केली.

आवाज मंडपात शिरला आणि पलीकडे सगळं गाव एकदम उठून उभं राहिलं. त्याला दिसत नव्हतं, पण माणसं उठतात तेव्हा होणारा आवाज तो ओळखत होता. त्याने रेस वाढवली. चऱ्हाट कुरकुरलं. थर्मोकोल खाली येऊ लागलं असणार, कारण शिट्ट्या सुरू झाल्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या, मग टाळ्या, मग कोणीतरी ताट वाजवायला लागलं. दोन वर्षं त्याने या आवाजाची वाट पाहिली होती. तो आला होता, आणि हातभर अंतरावर पडद्याला आपटून तिकडेच थांबत होता.

त्याने घोट्याने गिअर दाबला. क्लच हातात होता. फक्त हात सोडायचा होता. वीस फूट. चालू गाडीवर, ढकलून नाही, नानाजीने म्हटलं होतं तसंच. डोंगर फाडून, साग फाडून तो मधोमध आला असता, पाय सरळ, अंग मागे टाकलेलं. मग लोकांनी काहीही म्हणू दे. त्याने क्लच जरासा सोडला. गाडी सरकली. पुढचं चाक पडद्याला टेकलं आणि रंगवलेला डोंगर पुढे फुगला.

मुखरूने हँडल धरलं. जोर लावला नाही, नुसतं धरलं. तो त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "पोट्टा दोरीवर आहे गा."

पडद्याच्या पलीकडे, बरोबर समोर, आयुष हवेत लोंबकळत होता. संघपालने क्लच आवळला. पण डोंगर फुगला तो फुगलाच राहिला, थरथरत, आणि पलीकडे लोकांना वाटलं की ही हेलिकॉप्टरची हवा. एवढ्या टाळ्या त्या बांधीत कधी पडल्या नव्हत्या. नानाजी विंगेतून दोन्ही हात वर करून नाचत होता. त्याला तर वाटलं संघपालने मुद्दाम केलं.

मग खूण आली आणि संघपालने चावी फिरवली. शांत झालं. आयुष पहिलं वाक्य बोलला. संघपालनेच शिकवलं होतं तसं, श्वास धरून, शेवटचा शब्द खाली सोडून. चांगलं बोलला.

सकाळी टेंपो भरायला घेतला. आधी पडदे, मग पेट्या, मग चादरीत गुंडाळलेलं हेलिकॉप्टर. नानाजी संघपालच्या पाठीवर थाप मारून गेला होता. म्हणाला होता की एकतीसही गावांत डोंगर तसाच फुगला पाहिजे. चार पोरं गाडी उचलायला आली. संघपालने त्यांना हात लावू दिला नाही. तो म्हणाला की सामानात मी येत नाही, ही पण येत नाही. पुढचं गाव चौदा किलोमीटर होतं. मुखरूने कुबडी काट्याला दोरीने बांधून दिली, इंजिनाला पाणी पाजलं आणि गाडीवरून एकदा हात फिरवला. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, मग मिटलं.

"म्हण," संघपाल म्हणाला.

"नीट नेजो रेंगीले," मुखरू म्हणाला.

सडक मोकळी होती. दोन्हीकडे कापून रचलेले धानाचे पुंजणे, त्यांच्यावर दव. संघपाल रेलून बसला होता, पाय समोर, पार्ट लिहिला होता तसाच. कोणत्याच पायाचा विचार न करता तो दोन किलोमीटर गेला. मग पुढे सडकेच्या कडेला बाया दिसल्या, धान बांधायला निघालेल्या, सहा-सात जणी. आवाज ऐकताच त्या थबकल्या आणि सगळ्यांनी एकदम मान वर केली. हात कपाळावर धरून त्या आभाळ शोधत राहिल्या. तो त्यांच्या पदराला वारा लागेल इतक्या जवळून गेला. एकीनेही खाली पाहिलं नाही. पुढे एक गुराखी, तोही वर. शाळेला निघालेली पोरं, तीही वर. चार किलोमीटर तो असा गेला, माना वर केलेल्या माणसांच्या खालून.

वळणावर गाडी सावकाश घ्यावी लागली. तिथे एक म्हातारी काटक्यांची मोळी घेऊन उभी होती. पाठीतून पार वाकलेली, एवढी की मान वर करणं तिच्या हाती नव्हतं. तिला फक्त सडक दिसायची. तिने सडकेवर आधी चाक पाहिलं, मग लांब काटा, मग लांब पाय, मग माणूस. संघपाल थांबला. उजवा पाय खाली टेकला. इंजिन हिसके देत होतं.

म्हातारी बारीक डोळे करून बघत राहिली.

"संघपाल होय का गा? तू तं मेला होता ना."

"नाई माय. आहो."

"मी उभी झालो होतो दोन मिनिटं. तुयासाठी." तिने मोळी सावरली. "कंपनीतच आहेस का? यंदा काय पार्ट आहे?"

त्याने रेस जराशी दिली, गाडी बंद पडू नये म्हणून. झाडांवरून दोन पाखरं उडाली.

"हेलिकॉप्टरचा," तो म्हणाला.

म्हातारीने मान हलवली, राजाचा म्हटलं असतं किंवा चोराचा म्हटलं असतं तरी हलवली असती तशीच.

"चांगला करजो बापा," ती म्हणाली, आणि सडकेच्या कडेला होऊन तिने त्याला वाट दिली.